दोन कानांपुरता आवाज

वस्तु घरांत येते ती वाजतगाजत येते, जातांना मात्र घरांत वाद लावून जाते. होम थिएटर या नांवानें ओळखला जाणारा संच हें याचें ठळक उदाहरण होय. सन २००० नंतरच्या दहापंधरा वर्षांत मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांतील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत हा संच मोठ्या हौसेनें आला. टेलिव्हिजनखालीं तबकड्या वाजविणारें यंत्र व रिसीव्हर, दोहों बाजूंस दोन स्पीकर, मध्यें एक आडवा स्पीकर, पाठीमागच्या भिंतीवर टांगलेले दोन, आणि कोचाआड कोपऱ्यांत दडविलेला एक लांकडी ठोकळा, ज्याला सबवूफर म्हणतात. एकूण तोंडें सहा. बाजारांत याला ‘५.१’ असें म्हणतात. त्यांतील ५ हा पुऱ्या आवाजाच्या वाहिन्यांचा आंकडा; उरलेला .१ म्हणजे केवळ गडगडाटासाठीं राखून ठेवलेली, सुमारें १२० हर्ट्झपर्यंतच जाणारी अपुरी वाहिनी. अपूर्णांकांत बोलणारें हें बहुधा एकच गृहोपयोगी यंत्र असावें!

आतां तेंच घर पुन्हां पाहावें. मुलें शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं बाहेरगांवीं किंवा परदेशीं गेलेलीं असतात. मागें उरतात साठी-सत्तरी ओलांडलेलीं दोन माणसें. संच आपल्या जागीं असतो. पण तो चालू करावयास तीन रिमोट लागतात, आणि त्यांतील कोणता आधीं दाबावयाचा हें मुलाखेरीज कोणास ठाऊक नसतें. परिणाम असा होतो कीं, सहा स्पीकर धूळ खात राहतात, आणि घरच्या बाईंस एखादें नाट्यपद ऐकावेंसें वाटलें तर त्या मोबाइल फोन फुलपात्रांत उभा करून तें ऐकतात. संगीताची आवड असलेल्या घरांत संगीतच ऐकूं येत नाहीं, आणि तेंहि यंत्रांची टंचाई म्हणून नव्हे, तर यंत्रें फार झालीं म्हणून!

अशा घरीं कोणी सुचविलें कीं, हा पसारा आवरून त्या जागीं साधी स्टीरिओची जोडी ठेवावी, तर दोन आक्षेप निघतात. संचावर पुष्कळ पैसे घातले आहेत हा पहिला. त्याचें उत्तर सोपें आहे: ते पैसे गेलेच आहेत, संच ठेवल्यानें ते परत येत नाहींत. दुसरा आक्षेप अधिक नाजूक असतो. संच मुलानें आपल्या पहिल्या पगारांतून आणलेला असतो, भिंतीला भोकें त्यानेंच पाडलेलीं असतात. येथें हिशेब चालत नाहीं. परंतु एक गोष्ट मुलास विचारून पाहण्यासारखी असते. आपली भेट आईवडील वापरीत नाहींत हें त्याला ठाऊक असतें काय? बहुतेक वेळां तें ठाऊक नसतें, आणि कळल्यावर तोच आधीं म्हणतो कीं, काढून टाका.

मूळ प्रश्न असा आहे कीं, सहाचे दोन केल्यानें नेमकें काय जातें व काय राहतें. यासाठीं थोडें कानाकडे वळलें पाहिजे. मनुष्यास कान दोनच आहेत. तरी पाठीमागून येणारी मोटार, डावीकडे वाजणारी घंटा, हें सर्व त्याला डोळे मिटूनहि कळतें. डावीकडचा आवाज डाव्या कानीं आधीं पोंचतो, उजव्या कानीं किंचित् उशिरां. हा उशीर फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांशाइतका असतो. शिवाय मध्यें डोकें आडवें येत असल्यामुळें, विशेषतः उंच पट्टीचा आवाज, दुसऱ्या कानीं थोडा मंदावतो. एवढ्याशा फरकावरून मेंदु दिशा ठरवितो. आणि मेंदु असा फरकावर चालतो म्हणूनच त्याला फसवितांहि येतें. समोर डावीउजवीकडे दोन स्पीकर ठेवून दोहोंतून अगदीं सारखा आवाज सोडला, तर गाणारी व्यक्ति त्या दोहोंच्या बरोबर मध्यें, जेथें कांहींच ठेवलेलें नाहीं तेथें, बसली आहे असा भास होतो. स्टीरिओ म्हणजे हाच सुनियोजित भास होय.

हा शोध होम थिएटरहून पुष्कळ जुना आहे. सन १८८१ मध्यें पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमाँ आदेर यानें तेथील ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडून, प्रदर्शनांतील श्रोत्यांच्या दोन्ही कानांस दोन निरनिराळे ग्राहक लावले. नट रंगमंचावर इकडून तिकडे गेला तर तें ऐकणारास कळत असे. पुढें ॲलन ब्लमलाइन या तरुण इंग्रज इंजिनियरानें १९३१ च्या डिसेंबरांत या विषयाचें पेटंट मागितलें. चित्रपट पाहतांना नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलतीकडे, हें त्याला खटकलें होतें असें सांगतात. दोन ध्वनिमार्ग एकाच खांचेच्या दोन भिंतींवर कोरण्याची युक्ति त्या पेटंटांतच आहे. त्याचें फळ मात्र त्याला पाहावयास मिळालें नाहीं. महायुद्धांत रडारच्या चाचणीसाठीं निघालेलें विमान ७ जून १९४२ रोजीं कोसळलें, त्यांत तो वयाच्या ३८ व्या वर्षीं मरण पावला. स्टीरिओच्या तबकड्या सर्रास विक्रीस आल्या त्या १९५८ च्या सुमारास.

मग सहा स्पीकर कोठून आले? ते आले चित्रपटगृहांतून. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९३३ च्या एप्रिलांत फिलाडेल्फिया येथें चाललेलें वाद्यवृंदाचें वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविलें, तेव्हां दोन नव्हे तर तीन वाहिन्या वापरल्या होत्या. कारण उघड आहे. सभागृह रुंद असतें, श्रोते शेंकडों असतात. कडेच्या खुर्चीवर बसलेल्यास जवळचा स्पीकर आधीं व मोठ्यानें ऐकूं येतो, म्हणून त्याच्या दृष्टीनें मधला भास मोडतो आणि सारा आवाज त्याच्याच कडेला गोळा होतो. मध्यें खराखुरा तिसरा स्पीकर ठेवला म्हणजे कोठेंहि बसलें तरी मधला आवाज मधूनच येतो. चित्रपटांतील संवाद मधल्या स्पीकराकडे सोंपविण्याचें कारण हेंच. मागचे स्पीकर आले ते पाऊस, टाळ्या, विमान अशा वेढणाऱ्या आवाजांसाठीं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने डॉल्बी स्टीरिओस घरोघर नांव मिळवून दिलें, १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’पासून डी. टी. एस. पद्धति चालू झाली, आणि १९९६ मध्यें जपानांत डी. व्ही. डी. निघाल्यावर चित्रपटगृहांतील ही व्यवस्था घरांत शिरण्यास वाट मिळाली. तात्पर्य, शेंकडों खुर्च्यांची अडचण दूर करण्यासाठीं निघालेला उपाय एका कोचावर बसणाऱ्या दोघांच्या घरीं येऊन राहिला.

याचा अर्थ, दोन स्पीकर केल्यानें कांहींच जात नाहीं, असा मात्र नव्हे. तसें सांगणारा दुकानदार भेटल्यास त्याच्यावर विसंबूं नये. मागून येणारा पाऊस जातो. युद्धपटांतील डोक्यावरून जाणारें विमान समोरच थांबतें. कडेच्या खुर्चीवर बसणारास संवाद जवळच्या स्पीकराकडून आल्यासारखे वाटतात. पडद्याच्या मधोमध बसणारासहि दोन स्पीकरांचा मधला भास खऱ्या मधल्या स्पीकराइतका ठाशीव वाटत नाहीं. आठवड्यांतून चार रात्री दहा जण जमून इंग्रजी साहसपट पाहणारें घर असेल, तर त्यानें संच मुळींच हलवूं नये. प्रश्न आहे तो बातम्या, मालिका, एखादा जुना चित्रपट आणि पुष्कळसें संगीत ऐकणाऱ्या घराचा.

संगीताच्या बाबतींत पारडें सरळ उलट बाजूस झुकतें. ध्वनिमुद्रित संगीताचा फार मोठा भाग दोनच वाहिन्यांचा आहे, आणि त्यापूर्वींचा सगळा एकाच वाहिनीचा. अब्दुल करीम खां १९३७ मध्यें निवर्तले. त्यांच्या तबकड्या एकमार्गी आहेत. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचें तेंच. अशा एकमार्गी ध्वनिमुद्रणाला सहा तोंडें दिल्यानें त्यांत नवें कांहीं येत नाहीं. रिसीव्हरमध्यें ‘हॉल’, ‘कॉन्सर्ट’ अशा नांवांच्या ज्या सोयी असतात त्या दोन वाहिन्यांतून मागच्या स्पीकरांसाठीं कृत्रिम घुमारा बनवितात. ख्यालाच्या विलंबित लयींत तंबोऱ्याचा झणत्कार आधींच भरलेला असतो. त्यावर हा घुमारा चढला म्हणजे हरकती व मुरक्या पुसट होतात. उलट चांगल्या स्टीरिओ मुद्रणांत गायक मध्यें, तबला एका बाजूस, पेटी दुसऱ्या बाजूस आणि मागें तंबोरे अशी बैठक डोळ्यांपुढें उभी राहते. तिला मागच्या भिंतीवरील स्पीकरांची गरज लागत नाहीं. सत्तरच्या दशकांत चार वाहिन्यांच्या संगीत-तबकड्याहि निघाल्या होत्या. परस्परांशीं न जुळणाऱ्या तीनचार पद्धती बाजारांत आल्या आणि दशक संपण्यापूर्वींच ग्राहकांनीं त्या सर्वांस निरोप दिला.

सबवूफर गेल्यानें आवाज पोकळ होईल, ही भीति बहुतेकांस वाटते. येथें आंकडे पाहणें बरें. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर तिचा षड्ज सुमारें १३९ हर्ट्झ येतो, व तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारें ६९ हर्ट्झ. पांच-सहा इंची पडद्याची, फडताळावर मावेल एवढी चांगली स्पीकर-जोडी साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज तींत बसतो. त्याखालीं उरतो तो मुख्यतः स्फोट, भूकंप व डायनोसोर यांचा प्रांत. आणि लहान खोलींत तो प्रांत त्रासदायकच असतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारें २८ फूट भरते. खोली पंधरा फूट लांब असेल तर ३८ हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमूं लागते. खोलींत एके जागीं खर्ज दणाणतो, चार पावलांवर नाहींसा होतो. ठोकळा कोपऱ्यांत असला म्हणजे हा दोष आणखी वाढतो. शिवाय हा आवाज भिंतींतून सहज पार जातो; शेजारच्या घरीं गाणें जात नाहीं, नुसते धक्के जातात.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे यावें. कांहींहि विकण्यापूर्वीं आहे त्याच रिसीव्हरवर परीक्षा घ्यावी. स्पीकर निवडण्याच्या यादींत मधला, मागचे व सबवूफर हे ‘नाहींत’ असें सांगावें आणि पुढचे दोन ‘लार्ज’ ठेवावे. नुसत्या तारा काढून भागत नाहीं. तसें केल्यास रिसीव्हर संवाद मधल्या, आतां अस्तित्वांत नसलेल्या, स्पीकराकडे पाठवीत राहतो आणि पडद्यावरील माणसें मुकीं होतात. यादींत बदल केला म्हणजे मधल्या वाहिनीचा आवाज तीन डेसिबल कमी करून दोन्ही बाजूंस वांटला जातो. पंधरा दिवस असें ऐकावें. तेवढ्यांत कोणासहि मागच्या स्पीकरांची आठवण झाली नाहीं, तर निकाल लागला असें समजावें.

या परीक्षेंत एक खांच आहे. एकाच खोक्यांतून येणाऱ्या स्वस्त संचांत पुढचे स्पीकर मुठीएवढे, तीन इंची पडद्याचे असतात, आणि सबवूफरच्या आधाराशिवाय ते चिरके लागतात. तेथें दोष दोन स्पीकरांच्या पद्धतीचा नसून त्या स्पीकरांचा असतो. अशा संचांतील स्पीकर बहुधा फार कमी रोधाचे, कित्येकदां ३ ओहमचे, असतात. ते काढून दुसऱ्या अॅम्प्लिफायरला जोडूं नयेत. तेथें नवी जोडी घ्यावीच लागते. ज्यांच्याकडे पुढचे स्पीकर उंच, मनोऱ्यासारखे आहेत त्यांनीं मात्र तेच ठेवावे. त्यांना नवी जोडी घ्यावयाची गरज नाहीं.

अॅम्प्लिफायर घेतांना वॅटच्या आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. एके काळीं आपल्याकडे लहानशा खोक्यावरहि हजारों वॅट ‘पी. एम. पी. ओ.’ छापलेलें असे. त्या मोजमापाला कसलें बंधन नव्हतें, व खऱ्या शक्तीशीं त्याचा संबंध जुळविणें ज्योतिष्यासहि जमलें नसतें. साध्या स्पीकरास एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर सुमारें ८७ डेसिबल आवाज मिळतो. घरांत गाणें ऐकावयास इतका आवाजहि बहुधा नको असतो. शक्ति दुप्पट केली तर केवळ तीन डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठीं दसपट शक्ति लागते. म्हणून खऱ्या मापाचे तीसचाळीस वॅट बारा बाय पंधराच्या खोलीस भरपूर होतात. रिसीव्हर लवकर जुने होतात, कारण त्यांतून चित्रहि जातें, आणि चित्राचे संकेत दर कांहीं वर्षांनीं बदलतात. पुष्कळशा जुन्या रिसीव्हरांतून ४के चित्र पुढें जातच नाहीं. साध्या स्टीरिओ अॅम्प्लिफायरास चित्राशीं कर्तव्य नसल्यामुळें सत्तरच्या दशकांतले नगहि नीट राखले असतील तर आजहि वाजतात.

खरा लाभ होतो तो मात्र पैशानें नव्हे, मांडणीनें. दोन स्पीकर व ऐकणाराची जागा मिळून समभुज त्रिकोण व्हावा. तिन्ही बाजू सहा ते आठ फूट चालतील. उंच सुरांचा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीस असावा. स्पीकर भिंतीला चिकटवूं नये, कोपऱ्यांत तर नकोच. हातभर पुढें ओढला कीं, आवाजाचा घोगरेपणा जातो. आपल्या घरांत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती व कांचेच्या खिडक्या, यांमुळें आवाज आदळून परत येतो. खोलीच्या मध्यें उभें राहून जोरानें एक टाळी वाजवावी. तिच्यामागें किणकिणाट राहिला तर फरशीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा व एका भिंतीशीं पुस्तकांचें कपाट, एवढ्यानें पुष्कळ फरक पडतो. तारांच्या बाबतींत लाल टोंक लालाला व काळें काळ्याला, हा नियम काटेकोर पाळावा. एका स्पीकराचीं टोंकें उलटीं लागलीं तर एक पडदा पुढें येत असतां दुसरा मागें जातो, खर्ज नाहींसा होतो आणि गायक मध्यें न बसतां खोलीभर विखुरतो. बिघाड शोधतांना हें प्रथम पाहावें. तार साधी तांब्याची, दीड ते अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, विजेच्या दुकानांत मिळते तीच पुरे. सोन्याच्या मुलाम्याचा मोह धरूं नये.

उरतो टेलिव्हिजन. आजच्या सपाट टेलिव्हिजनच्या पोटांतील स्पीकर पातळ, आणि त्यांचें तोंड बहुधा खालीं किंवा मागें असतें. वय वाढतें तसे उंच सूर ऐकण्याची शक्ति प्रथम मंदावते, आणि ‘स’, ‘श’ यांसारखीं व्यंजनें त्याच उंच पट्ट्यांत असतात. म्हणून वृद्धांस आवाज येतो पण शब्द कळत नाहीं, मग ते आवाज चढवितात आणि घरांत कुरबूर सुरू होते. समोर, कानाच्या पातळीस, तोंड आपल्याकडे असलेले दोन चांगले स्पीकर हा यावर बराच उतार होय. बहिरेपणावरचा इलाज मात्र तो नव्हे. त्यासाठीं कानाची तपासणीच केली पाहिजे. टेलिव्हिजन अॅम्प्लिफायरला जोडतांना प्रकाशवाही तार वापरल्यास टेलिव्हिजनच्या ध्वनिविषयक यादींत ‘पी. सी. एम.’ निवडावें. तें न केल्यास टेलिव्हिजन डॉल्बीचा सांकेतिक प्रवाह पाठवितो, साध्या अॅम्प्लिफायरास तो उलगडत नाहीं आणि शांतता पसरते. नवें यंत्र बिघडलें अशी समजूत करून घेऊन तें दुकानांत परत नेणारे लोक याच ठिकाणीं अडकलेले असतात.

काढलेल्या वस्तूंपैकीं चालू स्थितींतील सबवूफर व मागचे स्पीकर एखाद्या ओळखीच्या तरुणास किंवा चाळींतल्या हौशी मंडळास देतां येतात. बंद पडलेलें मात्र दारावरच्या भंगारवाल्याच्या हवालीं करूं नये. त्यांतील डाकांत शिसें असूं शकतें, आणि तांब्यासाठीं तारा उघड्यावर जाळल्या म्हणजे विषारी धूर निघतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें अशा वस्तु नोंदणीकृत पुनर्वापर-केंद्रांकडेच जावयास पाहिजेत. मागच्या भिंतींतील तारा रंगकामाच्या आधींच ओढून काढाव्या व भोकें लांबीनें बुजवावीं. आणि शेवटीं, सर्व जोडून झाल्यावर, अॅम्प्लिफायरच्या आवाजाच्या खुंटीवर रोजच्या पातळीशीं एक लाल टिकली चिकटवून ठेवावी. चष्मा हाताशीं नसला तरी खुंटी किती फिरवावयाची हें बोटांस कळतें.